हायपरव्हायजरमधल्या सुरक्षा त्रुटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभे केलेले आभासी संगणक) चालवणाऱ्यांना कधी ना कधी पडणारे हे प्रश्न आहेत. या व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायजर. खाली 'गेस्ट' म्हणजे व्हीएमच्या आत चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम आणि 'होस्ट' म्हणजे ज्या मशीनवर हायपरव्हायजर चालतो ते मशीन.

हायपरव्हायजरमधल्या त्रुटीचा एवढा बाऊ का करतात? त्रुटी तर सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतात.

असतात, पण बाकीची सगळी सुरक्षा याच्या खांद्यावर उभी आहे. गेस्टमध्ये कितीही कडक पासवर्ड ठेवा, फायरवॉल लावा, डिस्क एन्क्रिप्ट करा. त्या गेस्टची मेमरी, डिस्क आणि नेटवर्क हायपरव्हायजरच्याच हातात असतं. तो ते वाचू शकतो, बदलू शकतो आणि गेस्टला पत्ताही लागत नाही. एखादा वेब सर्व्हर फुटला तर एक साइट जाते. हायपरव्हायजर फुटला तर त्या होस्टवरचा डेटाबेस, मेल, डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर) असं सगळंच जातं. बऱ्याच ठिकाणी बॅकअपचा सर्व्हरही जातो, कारण तोही त्याच होस्टवर व्हीएम म्हणून बसवलेला असतो.

व्हीएम एस्केप म्हणजे काय? असं खरंच घडतं, की नुसत्या परिषदांमधल्या करामती आहेत?

गेस्टच्या आत बसलेल्या माणसानं हायपरव्हायजरमधली त्रुटी वापरून होस्टवर स्वतःचा कोड चालवणं म्हणजे एस्केप. बराच काळ हा प्रकार परिषदांपुरताच दिसायचा. २००९ मध्ये 'क्लाउडबर्स्ट' नावाच्या प्रात्यक्षिकात व्हीएमवेअर या कंपनीच्या आभासी ग्राफिक्स कार्डातून बाहेर पडून दाखवलं गेलं. २०१७ च्या प्वन-टू-ओन या हॅकिंग स्पर्धेत एका चमूनं ब्राउझरपासून सुरुवात केली, विंडोजचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) फोडलं आणि तिथून व्हीएमवेअर वर्कस्टेशनच्या बाहेर मजल मारली. गेस्टमध्ये फक्त एक वेबपान उघडायचं होतं, बाकी काम साखळीनं केलं. व्हीएमवेअरचा सर्व्हरवर चालणारा हायपरव्हायजर ईएसएक्सआय मात्र त्या स्पर्धेत पहिल्यांदा फुटला तो थेट मे २०२५ मध्ये, बर्लिनला. बक्षीस होतं दीड लाख डॉलर.

आता ते परिषदांपुरतं राहिलेलं नाही. मार्च २०२५ मध्ये व्हीएमवेअरच्या तीन त्रुटींसाठी एकदम पॅच (दुरुस्त्या) आले: सीव्हीई-२०२५-२२२२४, २२२२५ आणि २२२२६ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला मिळणारा क्रमांक). हल्लेखोर त्या आधीपासूनच वापरत होते. पहिलीतून व्हीएमच्या होस्टवरच्या प्रोसेसमध्ये शिरायचं, दुसरीतून त्या प्रोसेसची चौकट मोडून कर्नलपर्यंत जायचं, आणि तिसरीतून मेमरीतली माहिती काढून या दोन्हींना हातभार लावायचा, अशी ती साखळी जोडता येते.

म्हणजे एस्केप खरा आहे, पण महागही आहे. ज्याच्याकडे असा एक्सप्लॉइट (त्रुटीचा फायदा घेणारा कोड) असतो तो ऊठसूट कुणावरही वापरत नाही. बहुतेक होस्ट याहून कितीतरी स्वस्तात पडतात. त्याबद्दल पुढे रॅन्समवेअरच्या (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) प्रश्नात.

या त्रुटी नेमक्या कुठे दडलेल्या असतात?

सर्वात जास्त आभासी उपकरणांमध्ये. गेस्टला वाटतं, आपल्याकडे नेटवर्क कार्ड आहे, डिस्क कंट्रोलर आहे, यूएसबी आहे. प्रत्यक्षात यातलं प्रत्येक उपकरण म्हणजे होस्टवर चालणारा, बहुतेक वेळा सी भाषेतला कोड असतो. गेस्ट उपकरणाच्या रजिस्टरमध्ये (आकडे ठेवायच्या छोट्या जागेत) आकडे लिहितो, हा कोड ते आकडे घेऊन वागतो. आकडे पाठवणारा गेस्ट शत्रू असू शकतो हे ध्यानात न ठेवता एक जरी ओळ लिहिली गेली, तरी भगदाड पडतं.

'व्हेनम' हे याचं सर्वात बोलकं उदाहरण, सीव्हीई-२०१५-३४५६. क्यूईमू या आभासी उपकरणं पुरवणाऱ्या प्रोग्राममधल्या फ्लॉपी कंट्रोलरकडे गेस्टकडून आलेल्या कमांडचे बाइट साठवायला ५१२ बाइटचा एक बफर (तात्पुरती साठवणीची जागा) आहे. कमांड पूर्ण झाली की बफरचा दर्शक शून्यावर आणायचा, असा शिरस्ता. दोन कमांडच्या बाबतीत तो लगेच शून्यावर येत नव्हता. मग गेस्टनं बाइट पाठवत राहायचं. ५१२ संपले तरी कोड पुढच्या मेमरीत लिहीतच राहायचा. हा कोड २००४ पासून तसाच होता. अकरा वर्षं कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण फ्लॉपीच्या कोडकडे बघणार कोण! क्यूईमूचीच उपकरणं घेत असल्यामुळे झेन आणि लिनक्समधला केव्हीएम या दोन्ही हायपरव्हायजरना फटका बसला.

दुसरी जागा म्हणजे गेस्ट आणि होस्ट यांच्यातले जलद रस्ते. खऱ्या उपकरणाची नक्कल करणं संथ पडतं, म्हणून दोघांमध्ये थेट संदेश पाठवायची सोय केलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या हायपरव्हायजरचा व्हर्च्युअल स्विच याच पद्धतीनं चालतो आणि तो होस्टच्या कर्नलमध्ये चालतो. २०२१ ची सीव्हीई-२०२१-२८४७६ तिथलीच: गेस्टकडून आलेल्या विनंतीतला पॉइंटर (मेमरीतला पत्ता) न तपासताच वापरला जात होता. तीव्रता दहापैकी ९.९.

तिसरी जागा खुद्द प्रोसेसरची नक्कल. झेनची २०१४ मधली एक्सएसए-१०८ ही त्रुटी निव्वळ एका आकड्याची होती. इंटरप्ट कंट्रोलरच्या (प्रोसेसरला उपकरणांचे इशारे पोचवणाऱ्या भागाच्या) एका पद्धतीत २५६ रजिस्टरांची मुभा असते. झेनच्या कोडमध्ये ती १०२४ धरली होती. जादाची रजिस्टरं वाचली की त्यासाठी राखलेल्या पानाच्या (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याच्या) पलीकडची मेमरी हाती लागायची, तीन किलोबाइटपर्यंत. त्यात शेजारच्या गेस्टचा किंवा हायपरव्हायजरचा डेटा असू शकत होता.

आम्ही फ्लॉपी वापरतच नाही. मग व्हेनमची भीती नव्हती ना?

होती. फ्लॉपी ड्राइव्ह काढून टाकला तरी दुसऱ्या एका बगमुळे कंट्रोलरचा कोड झेन आणि क्यूईमूमध्ये जागाच राहायचा. 'काढलं' आणि 'खरंच काढलं गेलं' यात फरक पडू शकतो, तेव्हा व्हीएमच्या सेटिंगमधला चौकोन रिकामा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये.

तरीही न लागणारी उपकरणं काढायची सवय उत्तमच. सर्व्हर व्हीएमला साउंड कार्ड, यूएसबी कंट्रोलर, सीडी ड्राइव्ह, सीरियल पोर्ट कशाला हवेत? मार्च २०२४ मध्ये व्हीएमवेअरच्या यूएसबी कंट्रोलरमध्ये गंभीर त्रुटी निघाल्या, तेव्हा पॅच लावेपर्यंतचा कंपनीचा सल्ला हाच होता: यूएसबी कंट्रोलर काढून टाका. ज्यांनी आधीच काढले होते, त्यांना फक्त मेल वाचावा लागला.

टाइप १ हायपरव्हायजर सुरक्षित आणि टाइप २ कच्चे, हे कितपत खरं?

अर्धवट. ईएसएक्सआय, झेन, हायपर-व्ही हे थेट हार्डवेअरवर चालतात म्हणून टाइप १. व्हर्च्युअलबॉक्स, वर्कस्टेशन हे चालू ऑपरेटिंग सिस्टीमवर बसतात म्हणून टाइप २. केव्हीएमला कुठे बसवायचं यावर वाद घालणाऱ्यांना घालू द्या.

एस्केप झाल्यावर हल्लेखोर कुठे पोचतो, यावर ठरतं सगळं. मघाच्या यूएसबी त्रुटींचंच पाहा. त्यातली सीव्हीई-२०२४-२२२५२ वर्कस्टेशनमध्ये ९.३ तीव्रतेची ठरली आणि ईएसएक्सआयमध्ये ८.४, कारण ईएसएक्सआयवर हल्लेखोर व्हीएमच्या प्रोसेसभोवतीच्या सँडबॉक्समध्येच (बंदिस्त चौकटीतच) अडकतो. केव्हीएमच्या बाजूलाही अशीच सोय आहे: प्रत्येक व्हीएमची क्यूईमू प्रोसेस वेगळी, ती रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालवायची नाही, तिच्याभोवती एसई-लिनक्सचं कुंपण आणि सेककॉम्पची चाळणी (दोन्ही लिनक्समधल्या, प्रोसेसला मर्यादेत ठेवणाऱ्या सोयी). हे कुंपण 'काहीतरी अडतंय' म्हणून बंद करून ठेवलेले होस्ट अधूनमधून बघायला मिळतात. एसई-लिनक्स बंद केलेला केव्हीएम होस्ट आणि नीट बसवलेला केव्हीएम होस्ट यांच्यातलं अंतर टाइप १ आणि टाइप २ मधल्या अंतरापेक्षा मोठं आहे, असं माझं मत.

प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय आहे. मग त्रुटी राहतात कशा?

इंटेलनं २००५ मध्ये आणि एएमडीनं २००६ मध्ये ती सोय आणली, त्यामुळे हायपरव्हायजरचा गाभा सोपा आणि छोटा झाला. पण हार्डवेअर फक्त 'गेस्टनं काहीतरी विशेष केलं' एवढं सांगून हायपरव्हायजरला उठवतं. त्यापुढे काय करायचं ते सॉफ्टवेअरच ठरवतं.

गाभ्यातली त्रुटी कशी असते ते बघायचं तर सीव्हीई-२०२१-२९६५७ घ्या. एएमडी प्रोसेसरवर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन चालू असताना, म्हणजे व्हीएमच्या आत व्हीएम, गेस्ट आपल्या मेमरीत एक रचना तयार करून ती केव्हीएमला देतो. केव्हीएम ती तपासतो आणि मग वापरतो. अडचण अशी की तपासणी आणि वापर या दोन्ही वेळा तो गेस्टच्याच मेमरीतून वाचत होता. गेस्टचा दुसरा आभासी प्रोसेसर मधल्या क्षणी आकडा बदलू शकतो. तपासला एक आणि वापरला दुसराच. क्यूईमूला हातही न लावता, निव्वळ केव्हीएममधून होस्टवर पोचता येतं हे यातून गुगलच्या प्रोजेक्ट झीरोनं दाखवून दिलं. लिनक्स ५.१० मध्ये शिरलेली ही त्रुटी ५.१२ येईपर्यंत दुरुस्त झाली.

यातून घ्यायची गोष्ट सरळ आहे: नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन लागत नसेल तर बंद ठेवा. काही वितरणांत ते आपोआप चालू असतं, तेव्हा तपासून बघा.

हल्लेखोराला गेस्टमध्ये अ‍ॅडमिन अधिकार लागतात ना? मग साध्या युजरची काळजी कशाला?

बहुतेक एस्केपना गेस्टमध्ये रूट किंवा अ‍ॅडमिन लागतो, कारण उपकरणाच्या रजिस्टरांपर्यंत साध्या प्रोग्रामचा हात पोचत नाही. पण ही अट दिलासा मानण्यासारखी नाही. पहिलं म्हणजे गेस्टमध्ये अधिकार वाढवणं हे हायपरव्हायजर फोडण्यापेक्षा खूप सोपं असतं. दुसरं, तुम्ही व्हीएम भाड्यानं देत असाल तर घेणारा आपल्या व्हीएमचा रूट असतोच. तो त्याचा हक्क आहे.

रॅन्समवेअर टोळ्या ईएसएक्सआयच्या मागे का लागतात? त्या एस्केप वापरतात का?

मागे लागायचं कारण हिशोबाचं आहे. एकेका विंडोज सर्व्हरमध्ये शिरून एन्क्रिप्शन करण्यापेक्षा होस्टवर एकदा शिरून पन्नास व्हीएमच्या डिस्क फाइल कुलूपबंद करणं सोपं. शिवाय गेस्टमध्ये असते तशी सुरक्षा देखरेख होस्टवर सहसा नसते. व्हीएम बंद करायची, तिच्या फाइलवर एन्क्रिप्टर सोडायचा, संपलं.

आणि एस्केप? त्याची गरजच पडत नाही. बहुतेक जण व्यवस्थापनाच्या दारानं आत येतात.

फेब्रुवारी २०२३ मधल्या 'ईएसएक्सआय-आर्ग्स' लाटेत हजारो सर्व्हर सापडले. रोख होता ओपन-एसएलपी नावाच्या सेवेकडे, जी ४२७ पोर्टवर ऐकते, आणि तिच्यातल्या सीव्हीई-२०२१-२१९७४ या त्रुटीकडे. या त्रुटीचा पॅच फेब्रुवारी २०२१ मध्ये आला होता. मधे अख्खी दोन वर्षं गेली. त्याहून मोठा प्रश्न असा की होस्टचं हे पोर्ट उघड्या इंटरनेटवर दिसत होतं ते कशासाठी? गंमत म्हणजे पहिल्या लाटेत एन्क्रिप्टर इतका ढिसाळ होता की मोठ्या डिस्क फाइलचा बराच भाग शाबूत राहायचा. अमेरिकेच्या 'सीसा' या सायबरसुरक्षा संस्थेनं त्यावरून व्हीएम परत उभी करायची स्क्रिप्टही दिली. टोळीनं ते वाचलं आणि पुढच्या आवृत्तीत ती पळवाट बुजवली.

दुसरा प्रकार त्याहून नमुनेदार. सीव्हीई-२०२४-३७०८५. होस्ट अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी डोमेनला (कंपनीची सगळी खाती एकत्र सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेला) जोडलेला असेल, तर 'ईएसएक्स अ‍ॅडमिन्स' नावाच्या गटातल्या प्रत्येकाला होस्टवर पूर्ण अधिकार मिळायचे. हा गट डोमेनमध्ये मुळात नसतोच. हल्लेखोरानं डोमेनमध्ये गट बनवायचा अधिकार मिळवला की याच नावाचा गट तयार करायचा आणि स्वतःला त्यात घालायचं. ईएसएक्सआय फक्त नाव बघायचा. ना बफर फोडला, ना मेमरी बिघडवली. जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं उघड केलं की रॅन्समवेअर टोळ्या हे सर्रास वापरत आहेत.

म्हणून कुणी मला विचारलं की हायपरव्हायजरच्या सुरक्षेसाठी पहिलं काम कोणतं, तर मी एस्केपचं नावही घेत नाही. व्यवस्थापनाचं नेटवर्क वेगळं काढा, आणि तेही कागदावर नको, प्रत्यक्षात. होस्टचा आणि व्हीसेंटरसारख्या नियंत्रण सर्व्हरचा पत्ता कर्मचाऱ्यांच्या साध्या लॅपटॉपवरून उघडत असेल, तर ते वेगळं नाही. तिथं शिरायला मधला एकच जंप सर्व्हर ठेवा आणि त्यावर दुहेरी ओळखतपासणी लावा. होस्ट रोजच्या डोमेनला जोडू नका. डोमेन पडलं की होस्ट पडतो, हे वरच्या उदाहरणात दिसलंच. एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) गरजेपुरतं चालू करा आणि काम झालं की बंद करा. ईएसएक्सआयवर लॉकडाउन मोड (होस्टवर थेट लॉगिनला आळा), सिक्युअर बूट (सही तपासूनच सॉफ्टवेअर सुरू करणं) आणि होस्टवर बाहेरचे प्रोग्राम चालू न देणारं सेटिंग आहे, तिन्ही वापरा. आणि बॅकअपची एक प्रत अशी ठेवा की जी होस्टचा अ‍ॅडमिनही पुसू शकणार नाही.

मेल्टडाउन, स्पेक्टर, एल-वन-टीएफ... हा सगळा गोंधळ हायपरव्हायजरशी कसा जोडलेला आहे?

या त्रुटी प्रोसेसरच्या. प्रोसेसर वेग वाढवण्यासाठी पुढच्या सूचना अंदाजानं आधीच चालवून ठेवतो. अंदाज चुकला तर निकाल टाकून देतो, पण कॅशमध्ये (प्रोसेसरच्या जवळच्या जलद मेमरीत) खुणा राहतात आणि वेळ मोजून त्या वाचता येतात. मेल्टडाउन आणि स्पेक्टर जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झाल्या. व्हर्च्युअलायझेशनसाठी त्याहून बोचरी ठरली ती ऑगस्ट २०१८ मधली एल-वन-टीएफ: तिच्यामुळे इंटेल प्रोसेसरवर गेस्टला त्याच कोअरच्या पहिल्या पातळीच्या कॅशमधला दुसऱ्याचा डेटा वाचता येऊ शकतो.

उपाय दोन स्तरांवर. गेस्टमध्ये शिरताना ती कॅश रिकामी करायची, हे हायपरव्हायजर करतो. पण हायपरथ्रेडिंगमध्ये एकाच कोअरवर दोन थ्रेड एकाच वेळी चालतात. एका थ्रेडवर एक गेस्ट आणि दुसऱ्यावर परका गेस्ट असेल तर कॅश रिकामी करून भागत नाही. मग एक तर हायपरथ्रेडिंग बंद करायचं किंवा एका कोअरवर एकाच गेस्टचे थ्रेड बसवायचे. लिनक्समध्ये ही दुसरी सोय 'कोअर शेड्युलिंग' नावानं २०२१ मध्ये ५.१४ आवृत्तीत आली.

हायपरथ्रेडिंग बंदच करावं का, असा पुढचा प्रश्न येतो. होस्टवरच्या सगळ्या व्हीएम तुमच्याच असतील आणि कोणत्याही व्हीएममध्ये परक्याचा कोड चालत नसेल, तर नवे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि पॅच लावून चालू ठेवायला हरकत नाही. अनोळखी ग्राहक एका होस्टवर असतील तर कोअर शेड्युलिंग तरी हवंच.

हे प्रकरण अजून मिटलेलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये 'व्हीएमस्केप' आलं: एएमडीच्या झेन प्रोसेसरांवर (झेन हायपरव्हायजर वेगळा, नावं फक्त मराठीत सारखी) गेस्टला क्यूईमू प्रोसेसमधली माहिती थेंबाथेंबानं काढता येते. झेन ४ वर वेग सेकंदाला ३२ बाइट. हसू येतं, पण डिस्क एन्क्रिप्शनची किल्ली बहुतेक वेळा ३२ किंवा ६४ बाइटचीच असते.

एक बारीक गोष्ट, जी हमखास राहून जाते: नव्या मायक्रोकोडमुळे प्रोसेसरला मिळालेल्या नव्या सुविधा गेस्टला दिसायच्या असतील, तर गेस्ट आतून रीस्टार्ट करून उपयोग नसतो. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी लागते.

मेमरी वाचवण्यासाठी सारखी पानं एकत्र ठेवायची सोय वापरावी का?

परक्या व्हीएम एकत्र असतील तर नको. दोन गेस्टमधलं सारखं पान एकाच जागी ठेवलं की त्यात लिहायला लागणाऱ्या वेळेवरून शेजाऱ्याकडे काय आहे याचा अंदाज बांधता येतो. २०१६ मध्ये तर याच सोयीला रोहॅमरची (मेमरीची एक ओळ सतत वापरून शेजारचे बिट उलटवण्याच्या युक्तीची) जोड देऊन संशोधकांनी शेजारच्या व्हीएममधल्या एसएसएच किल्लीचा एक बिट उलटवला आणि तिथं लॉगिन करून दाखवलं. व्हीएमवेअरनं वेगवेगळ्या व्हीएममधली ही वाटणी २०१४ पासून मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवायला घेतली, ती वाटून घेतलेल्या पानांतून माहिती गळेल या काळजीनं.

आमचं सगळं क्लाउडवर आहे. आम्हाला काही करायचं आहे का?

हायपरव्हायजरचे पॅच लावणं क्लाउड कंपनीचं काम. मोठ्या कंपन्यांना बऱ्याच त्रुटी जाहीर होण्याआधी कळतात. एक्सएसए-१०८ च्या वेळी अ‍ॅमेझॉननं आपल्या ताफ्यातले दहा टक्क्यांहून कमी सर्व्हर त्रुटी जाहीर व्हायच्या आधीच रीबूट करून घेतले होते; ग्राहकांना कारण नंतर कळलं. तेव्हा 'अचानक देखभाल' अशी सूचना आली तर कुरकुर करू नका. गेस्टच्या कर्नलचे पॅच मात्र तुमचेच. आणि तुमच्या क्लाउड खात्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड हाच तुमच्यासाठी व्यवस्थापनाचा दरवाजा आहे.

त्रुटी ९.३ तीव्रतेची आहे. आज रात्रीच होस्ट बंद करायचे का?

आकडा बघायच्या आधी सूचनेतले चार मुद्दे शोधा. हल्ला नेटवर्कवरून होतो की गेस्टच्या आतून? कोणतं उपकरण किंवा सेवा गुंतलेली आहे, आणि ती तुमच्याकडे चालू आहे का? परिणाम कोड चालण्याचा आहे, माहिती गळण्याचा आहे, की होस्ट नुसता कोसळण्याचा? आणि सर्वात महत्त्वाचं, कुणी ती प्रत्यक्षात वापरतंय का? याचं उत्तर निर्मात्याच्या सूचनेत आणि सीसाच्या 'प्रत्यक्ष वापरात असलेल्या त्रुटी' या यादीत मिळतं.

वापरात असेल तर वाट बघू नका, मग आकडा ७.१ का असेना. मार्च २०२५ च्या साखळीतली एक त्रुटी नेमकी ७.१ ची होती. उलट ९ च्या वरची पण तुमच्याकडे नसलेल्या उपकरणातली त्रुटी पुढच्या ठरलेल्या देखभालीपर्यंत थांबू शकते.

डाउनटाइम मिळतच नाही. पॅच कधी लावायचा?

लाइव्ह मायग्रेशन आहे कशासाठी? एका होस्टवरच्या व्हीएम बाजूला हलवा, तो रिकामा होस्ट पॅच करा, रीबूट करा, व्हीएम परत आणा, पुढच्याकडे वळा. त्यासाठी क्लस्टरमध्ये एका होस्टपुरती जागा कायम मोकळी हवी. खरी अडचण डाउनटाइमची नसते, ही मोकळी जागा कधीच भरून टाकलेली असते ही असते. खरेदीच्या वेळीच हे भांडून घ्यावं लागतं.

आणखी एक सापळा: लिनक्स होस्टवर क्यूईमूचं पॅकेज अपडेट केलं तरी चालू असलेल्या व्हीएम जुन्याच प्रोसेसमध्ये चालत राहतात. व्हीएम बंद करून चालू केल्याशिवाय किंवा दुसऱ्या होस्टवर हलवल्याशिवाय पॅच लागू होत नाही. पॅकेजची आवृत्ती दाखवणारा अहवाल हिरवा असतो आणि मेमरीत मात्र जुना कोड ठाण मांडून बसलेला असतो.

गेस्टमध्ये सुरक्षा एजंट आहे. एस्केप झाला तर तो सांगेल ना?

नाही. एस्केपच्या आधीच्या हालचाली कदाचित टिपेल. बाहेर पडल्यावर काय झालं ते त्याच्या नजरेपलीकडचं. गेस्ट आणि होस्ट यांच्यात थेट बोलण्यासाठी व्हीसॉकसारखा मार्ग असतो आणि त्यावरची वाहतूक नेटवर्कवर येतच नाही, त्यामुळे नेटवर्कची देखरेखही आंधळी. यूएनसी-३८८६ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या हेरगिरी करणाऱ्या गटानं ईएसएक्सआयवर मागचे दरवाजे बसवताना हाच मार्ग वापरला. होस्टचे लॉग दुसऱ्या सर्व्हरवर लगोलग पाठवत राहणं हाच उपाय. होस्टवरचे लॉग पुसायला हल्लेखोराला वेळ लागत नाही.

संशयास्पद फाइल उघडून बघायला व्हीएम वापरतो. ते सुरक्षित आहे का?

थेट लॅपटॉपवर उघडण्यापेक्षा नक्कीच. पण सामायिक फोल्डर, क्लिपबोर्ड, ड्रॅग अँड ड्रॉप आणि त्रिमितीय ग्राफिक्स बंद करा. हे चारही होस्टकडे जाणारे रस्ते आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हर्च्युअलबॉक्सचा एक एक्सप्लॉइट पॅच यायच्या आधीच सार्वजनिक झाला. तो मूळ सेटिंगमधल्या इंटेल ई-१००० नेटवर्क कार्डात होता, एनएटी लावलेलं असताना. म्हणजे काहीही न बदलता व्हीएम बनवणारा प्रत्येक जण त्यात येत होता. रोजचं मालवेअर काही एस्केप घेऊन फिरत नाही, पण हेच काम पोटापाण्याचं असेल तर त्यासाठी वेगळं मशीन ठेवा, ज्यात तुमचं दुसरं काहीच नाही.

स्नॅपशॉटमध्ये सुरक्षेचा काय संबंध?

जुन्या स्नॅपशॉटवर गेलात की जुनी भगदाडंही परत येतात, आणि बदललेले पासवर्डही पूर्वीचे होतात. मेमरीसकट घेतलेल्या स्नॅपशॉट फाइलमध्ये त्या क्षणाच्या किल्ल्या आणि पासवर्ड उघडे पडलेले असतात; ती फाइल कुणी उचलली तर गेस्टमधलं डिस्क एन्क्रिप्शन कामाला येत नाही. एकाच स्नॅपशॉटवरून दोन व्हीएम उठवल्या तर दोघींची यादृच्छिक आकड्यांची सुरुवात सारखी होऊ शकते, आणि त्यावरून बनलेल्या किल्ल्याही.

कंटेनर सुरक्षित की व्हीएम?

अनोळखी कोड चालवायचा असेल तर व्हीएम. कंटेनर होस्टचंच कर्नल वापरतात.

मधला मार्गही आहे. अ‍ॅमेझॉननं २०१८ मध्ये खुला केलेला फायरक्रॅकर हा रस्ट भाषेत लिहिलेला छोटा व्हर्च्युअल मशीन मॉनिटर आहे. त्यात उपकरणं मोजकीच, मुख्यतः ही: नेटवर्क, डिस्क, व्हीसॉक, सीरियल कन्सोल आणि व्हीएम बंद करण्यापुरता कीबोर्ड कंट्रोलर. फ्लॉपी नाही, यूएसबी नाही. फ्लॉपीच नसेल तर व्हेनम येणार कुठून?

हायपरव्हायजरवर विश्वासच ठेवायचा नसेल तर?

त्यासाठी एएमडीचं एसईव्ही-एसएनपी आणि इंटेलचं टीडीएक्स आहे. गेस्टची मेमरी प्रोसेसरच एन्क्रिप्ट करतो आणि हायपरव्हायजरला आतलं दिसत नाही. गेस्ट खरोखर याच अवस्थेत चाललाय का, हे दुरून पडताळायची सोयही असते. ती न वापरता नुसतं चालू केलं तर अर्धाच फायदा.

अभेद्य तेही नाही. डिसेंबर २०२४ मधल्या 'बॅडरॅम'मध्ये सुमारे दहा डॉलरच्या साहित्यानं मेमरी मॉड्यूलला स्वतःच्या आकाराबद्दल खोटं बोलायला लावून एसईव्ही-एसएनपीचं संरक्षण मोडलं गेलं. त्यासाठी मशीनपर्यंत हात पोचावा लागतो आणि एएमडीनं फर्मवेअरचा उपाय दिला. हायपरव्हायजरनं व्हीएम बंदच करून टाकली तर ते मात्र यातलं काहीच थांबवू शकत नाही.

होस्टमध्ये कुणी शिरल्याचा संशय आहे. पहिल्या तासात काय करायचं?

होस्ट रीबूट करू नका. ईएसएक्सआयच्या चालू प्रणालीतलं बरंच काही फक्त मेमरीत असतं आणि रीबूटबरोबर पुरावाही जातो. व्यवस्थापनाचं नेटवर्क तोडा, पण व्हीएम चालू राहू द्या, निदान एन्क्रिप्शन चालू असल्याची खूण दिसेपर्यंत. ती दिसली तर मात्र पुराव्याचा विचार सोडा आणि स्टोरेजची जोडणी काढा. बॅकअप सर्व्हर लगेच वेगळा करा. होस्टवर कोणती पॅकेजेस बसवलेली आहेत त्याची यादी काढून स्वच्छ होस्टच्या यादीशी ताडून बघा. यूएनसी-३८८६ चे मागचे दरवाजे २०२२ मध्ये अशाच बनावट पॅकेजमध्ये सापडले होते.

नंतर तो होस्ट साफ करत बसू नका. नव्यानं इन्स्टॉल करा, तेही निर्मात्याकडून ताज्या उतरवलेल्या आणि चेकसम जुळवलेल्या प्रतीवरून. त्या होस्टवर चाललेल्या प्रत्येक व्हीएममधले पासवर्ड, सर्टिफिकेट आणि सेवांच्या किल्ल्या फुटल्या असं धरून बदला. डोमेन कंट्रोलर त्याच होस्टवर असेल तर अख्ख्या डोमेनचे पासवर्ड बदलावे लागतील. ते काम एका रात्रीत उरकत नाही, तेव्हा माणसांच्या पाळ्या आधी लावून घ्या.